ऑफिस, विरार लोकल आणि वाढलेलं वजन: ऑनलाइन वेट-लॉस प्रोग्रॅमचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण नुसतं अ‍ॅप डाउनलोड करून नाही. अभ्यासांत साधारण असं दिसलंय की ऑनलाइन प्रोग्रॅम काहीच न करण्यापेक्षा बरा, समोरासमोरच्या सल्ल्यापेक्षा जरा कमी. रोजच्या खाण्याची नोंद, नियमित वजन आणि त्या नोंदी वाचून बोलणारा खरा माणूस, एवढं असेल तरच पैसे भरा.

नोंद लोकलमध्येच उरकता येते. फक्त खरं लिहा: चार वाजताची कटिंग, सोबतची खारी, स्टेशनबाहेरचा वडापाव. डब्यातली पोळी-भाजी बिचारी उगाच बदनाम होते. अ‍ॅपमध्ये थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी सापडत नसेल तर ते आपल्या कामाचं नाही. ओट्सवर किती दिवस काढणार?

'महिन्यात 10 किलो'वाल्यांना लांबूनच नमस्कार. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. 80 किलोच्या माणसाचे 4 किलो उतरले तरी साखर-बीपीत फरक पडू शकतो. आणि हो, आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 23 पासूनच वजन जास्त धरतात.

डायबिटीसची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खाणं घटलं की काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम खाली जाऊ शकते.