नॉर्थ डकोटातल्या अडीच हजार वस्तीच्या गावात मराठी माणसाला करमेल का?

तुम्ही लिहिलंय की बायकोची रेसिडेन्सी (डॉक्टरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) संपत आलीय, ती शिकायला येणाऱ्यांच्या जे-१ व्हिसावर आहे, वेव्हरची (मायदेशी परतायच्या अटीतून सूट देणारी) नोकरी नॉर्थ डकोटातल्या एका गावात मिळतेय, आणि मॅपवर त्या गावाच्या आजूबाजूला नुसते चौकोन दिसतायत, तर तिथे तीन वर्षं निघतील का. आम्ही नेमके असेच याच राज्यातल्या रग्बी नावाच्या गावी आलो, बायको डॉक्टर आणि मी तिच्या मागोमाग, त्यामुळे रग्बीबद्दलच सांगतो. तुमचं गाव वेगळं असेल पण फार वेगळं नसेल.

आधी ते चौकोन. ते मैला-मैलाचे आहेत. सरकारने जमीन आधी मोजून ठेवली आणि माणसं नंतर आली, एक चौकोन ६४० एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जो पाच वर्षं राहून कसेल त्याला किरकोळ फी भरून मिळायचा. रस्ते त्याच बांधांवरून गेलेत, म्हणून सगळे नाकासमोर. इथले लोक पत्ता सांगताना डावीकडे-उजवीकडे म्हणत नाहीत, तीन मैल नॉर्थ आणि दोन ईस्ट असं सांगतात, आणि थोड्या दिवसांनी आपणही तसंच बोलायला लागतो.

रग्बी वसवलं पुढे ग्रेट नॉर्दर्न झालेल्या रेल्वेने, १८८६ साली. इंग्लंडातून माणसं आणि पैसा यावा म्हणून या लाइनवरच्या स्टेशनांना तिकडची नावं दिली, रग्बी, लीड्स, यॉर्क, बर्विक. इंग्रज काही फारसे आले नाहीत, आले ते नॉर्वेचे लोक आणि रशियातले जर्मन. हे रशियातले जर्मन हा भन्नाट प्रकार आहे. झारने त्यांच्या पूर्वजांना काळ्या समुद्राकाठी जमिनी देऊन बोलावलं होतं, सैन्यात भरती करणार नाही असं वचन देऊन, १८७० च्या दशकात ते वचन मोडलं आणि हे लोक बाडबिस्तरा घेऊन थेट इकडे. त्यांच्यातल्या लोहारांनी घडवलेले लोखंडी क्रॉस इथल्या जुन्या दफनभूमीत अजून उभे आहेत, कुठे सूर्याचे किरण, कुठे पानंफुलं, सगळं हाताने वळवलेलं. आजूबाजूला गहू आणि वारा, बाकी काही नाही. कुणी पाहुणे आले तर मी आधी तिथे नेतो.

आता मुद्द्याचं. अडीच हजार वस्ती म्हटल्यावर आपल्या डोक्यात ग्रामपंचायत येते. ते डोक्यातून काढून टाका. रग्बी हे काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, म्हणजे तालुक्याचं गाव समजा, फक्त तालुक्यात माणसंच नाहीत. पियर्स काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याच्या चौपटीहून जास्त, आणि सगळी मिळून माणसं चार हजारांच्या आसपास. त्यामुळे अडीच हजारांच्या गावात कोर्ट आहे, हॉस्पिटल आहे, लायब्ररी, म्युझियम, छोटी धावपट्टी, महापौर, आणि शिकागोहून सिॲटलला जाणारी एम्पायर बिल्डर रोज थांबते ते स्टेशनसुद्धा. गाव गावासाठी चालत नाही, पन्नास-पन्नास मैलांवरून येणाऱ्यांसाठी चालतं. हॉस्पिटल बंद पडलं तर म्हातारी माणसं मायनॉट शहरात मुलांकडे जातील, मग शाळेत मुलं नाहीत आणि दुकानात गिऱ्हाईक नाही. गावाला हे पक्कं माहीत आहे, म्हणून नवीन डॉक्टर येणार ही बातमी तुम्ही सामान उतरवायच्या आधी गावभर झालेली असते.

आणि हो, तुमच्या बायकोची ही जी वेव्हरची सोय आहे ती याच राज्याच्या सिनेटरने आणली, केंट कॉनरॅड, १९९४ साली. जे-१ वर शिकलेल्या डॉक्टरने खरं तर दोन वर्षं मायदेशी परत जायचं असतं, त्याऐवजी जिथे डॉक्टर मिळत नाहीत तिथे तीन वर्षं काम करा अशी ती योजना. तेव्हा राज्याला वर्षाला वीस जागा होत्या, आता तीस. नॉर्थ डकोटाच्या सिनेटरलाच हे का सुचलं ते इथे आल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

पण प्रश्न तिचा नाहीये, तुमचा आहे. तिला काम असेल, भरपूर असेल, पेशंट घरची भाजी आणि मध आणून देतील (मधात हे राज्य देशात पहिलं आहे). तुम्ही एच-४ वर (तिच्या कामाच्या व्हिसामागचा जोडीदाराचा व्हिसा) असाल, म्हणजे तिच्या ग्रीनकार्डचा पुढचा टप्पा होईपर्यंत तुम्हाला नोकरी करता येणार नाही, हे आत्ताच नीट वाचून घ्या. इंटरनेटची काळजी नको, इथल्या टेलिफोन को-ऑपरेटिव्हनी शेतातल्या एकट्या घरापर्यंत फायबर नेलीय. काळजी दुपारच्या दोन वाजताची करा. बायको हॉस्पिटलात, रस्त्यावर कुणी नाही, तिकडे भारतात सगळे झोपलेले.

मला वाचवलं ते सकाळच्या कॉफीने. प्रत्येक गावात एक टेबल असतं, कॅफेत नाहीतर पेट्रोलपंपावर, तिथे सकाळी शेतकरी जमतात, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, टोप्या कुठल्यातरी बियाणे कंपनीच्या. चामड्याच्या कपात फासे खुळखुळवून टेबलावर आपटायचे आणि जो हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी नाव विचारलं नाही, फक्त एकाने खुर्ची सरकवली आणि कप माझ्या हातात दिला. गप्पा म्हणजे पाऊस किती झाला, अमक्याच्या शेतात तो किती झाला, कॉम्बाइनचा कुठला पार्ट येत नाहीये, आणि भाव. आपल्याकडच्या पारावर यांना नेऊन बसवलं तर भाषा सोडून काही अडणार नाही.

एक दिवस त्यातल्या एकाने मला शांतपणे विचारलं, तुमच्या सरकारने वाटाण्यावर ड्युटी का लावली? मला आधी कळेचना. तर नॉर्थ डकोटा आणि मोंटानात सुका वाटाणा आणि मसूर बऱ्यापैकी पिकतो, आपण मोठं गिऱ्हाईक, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर पन्नास टक्के आयात शुल्क लावलं, पुढच्याच महिन्यात हरभरा आणि मसुरावर तीस. इथे भाव कोसळला. मी त्याला आपल्या तूर-हरभऱ्याच्या शेतकऱ्याची बाजू सांगितली, की बाहेरचा माल आला की लातूरच्या मार्केटला भाव पडतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला मग बरोबरच केलं तुमच्यांनी, मीही तेच मागितलं असतं. त्या दिवशी फासे न टाकता कॉफी त्याने पाजली. आता मी रगडा पॅटीस केलं की वाटाणा कुठून आला असेल हा विचार येतोच.

सहकाराचं म्हणाल तर आपल्या साखरपट्ट्यातल्या माणसाला इथे बरंच ओळखीचं वाटेल. धान्याचं कोठार को-ऑपरेटिव्ह, वीज को-ऑपरेटिव्ह, टेलिफोनचं वर आलंच. राज्याची स्वतःची बँक आहे, १९१९ पासून, आणि स्वतःची पिठाची गिरणी ग्रँड फोर्क्सला, १९२२ पासून, दोन्ही रेल्वेवाल्यांना आणि मिनियापोलिसच्या धान्यव्यापाऱ्यांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी मतं देऊन उभी केलेली. औषधाच्या दुकानात किमान एक्कावन्न टक्के मालकी फार्मासिस्टची असली पाहिजे असाही कायदा आहे, मोठ्या कंपन्यांनी २०१४ ला मतदान लावून तो काढायचा प्रयत्न केला, लोकांनी हाणून पाडला. मेन स्ट्रीटवरची दुकानं उघडी राहण्यात अशा कायद्यांचा हात आहे असं माझं मत. आणि हेच लोक राष्ट्रीय निवडणुकीत डोळे झाकून रिपब्लिकनांना मत देतात, त्यात विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही, तुम्हीही कॉफीच्या टेबलावर काढू नका.

गावाची प्रसिद्धी म्हणजे उत्तर अमेरिका खंडाचा मध्यबिंदू. हायवे २ च्या कडेला रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये दगडांचा मनोरा आहे, १९३२ चा. खरा बिंदू तेव्हाच्या हिशोबानेही इथे नव्हताच, बाल्टा गावाच्या पश्चिमेला कुठेतरी येत होता, आणि १९७१ ला रस्ता रुंद करताना मनोराही उचलून सरकवला. मग रॉबिन्सन नावाच्या पिटुकल्या गावातल्या बारवाल्यांच्या लक्षात आलं की रग्बीने मध्यबिंदूच्या बिरुदावरच्या ट्रेडमार्कचं नूतनीकरणच केलं नाहीये, त्यांनी तो आपल्या नावावर करून केंद्र आमच्या बारमध्ये आहे असं जाहीर केलं, आणि वर बफेलो विद्यापीठातल्या एका भूगोलाच्या प्राध्यापकाने नव्याने गणित मांडलं तर बिंदू निघाला सेंटर नावाच्याच गावाजवळ. इथे हा विषय हसतहसत काढायचा असतो, पण बाजू रग्बीचीच घ्यायची.

थंडीबद्दल सगळेच घाबरवतात तर मी थोडक्यात. १९३६ साली या राज्यात फेब्रुवारीत उणे ५१ आणि जुलैत अधिक ४९ सेल्सिअसची नोंद आहे, एकाच वर्षात. रोजचं म्हणाल तर जानेवारीत रात्री उणे वीसच्या आसपास, त्यात वारा. गाडीच्या पुढच्या जाळीतून प्लगची वायर लोंबत असते, रात्री ती बोर्डात लावायची म्हणजे इंजिनाचा हीटर चालू राहतो आणि सकाळी गाडी सुरू होते. डिक्कीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, खायला काहीतरी. हिमवादळात रस्ते बंद झाले की झाले, गेलं तर चालेल का हे विचारायचं नाही. गाडी खड्ड्यात गेली तर पहिला दिसणारा पिकअपवाला साखळी काढून तुम्हाला ओढतो, पैसे घेत नाही, नाव सांगत नाही, दोन बोटं टोपीला लावून जातो.

पण हेच लोक घरी जेवायला पटकन बोलवत नाहीत हेही खरं. मदत लगेच, मैत्री सावकाश. आम्हीच आधी बोलावलं, मसाला कमी घालून कोंबडी केली, मग दारं उघडली, मग न्यूफला सूप आलं (बटाटा आणि पिठाच्या गोळ्यांचं, आपल्या वरणफळांच्या जवळचं), बटाट्याची लेफ्से (नॉर्वेकडची पातळ पोळी) आली, ती तर तूप-साखर लावून खाल्ली की घरचीच वाटते. खासगीपणा मात्र विसरा. तुमची गाडी दोन दिवस हलली नाही तर कुणीतरी बेल वाजवेल. मला ते आवडायला लागलंय, बायकोला अजून नाही, कारण किराणा घेताना तिला लोक गुडघा दाखवतात.

बाकी पटकन: इंडियन सामानाला आम्ही साडेतीन तासांवर फार्गोला जातो, महिन्याचं एकदम भरतो. मोठ्या तपासण्या, मोठी दुकानं मायनॉटला, तासाभराहून थोडं जास्त. मुलं असतील तर शाळा छान, वर्ग लहान, पण मराठी बोलणारं दुसरं मूल मिळणार नाही, ती सोय घरातच करावी लागेल. जुलैत कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) फुलतो तेव्हा गावाबाहेर क्षितिजापर्यंत पिवळं असतं आणि रात्री दहाला उजेड असतो.

आणि सही करायच्या आधी एकदा स्वतः जाऊन बघा, पण जानेवारीत. हॉस्पिटलवाले तुम्हाला जून-ऑगस्टमध्ये बोलावतील, तेव्हा कुणालाही आवडतं. जाल तेव्हा सकाळी सातला कॉफीचं टेबल शोधा आणि तासभर बसा, तुम्हाला तिथे बसवेल की नाही तेवढं कळलं तरी पुरे. पक्कं ठरलं तर प्रेशर कुकरच्या दोन रिंगा जास्तीच्या आणा, इथे मिळत नाहीत.