वसमतची हळद : वेबसाइट बघतात, फोन करतात, पण पैसे का भरत नाहीत?

नमस्कार भाऊ. वेबसाइटवर हळद पूड ठेवली, लोक फोनवर चौकशी करतात, पण पैसे भरायच्या पानावर थांबून 'माल आल्यावर देतो' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. दर उतरवून हे सुटत नाही. मोंढ्यात (धान्य-मसाल्याच्या घाऊक बाजारात) गिऱ्हाईक हळकुंड मोडून आतला रंग बघतं, वास घेतं, मग दराचं बोलतं. वेबसाइटवर मोडायला हळकुंड नाही. तेव्हा त्याला घरबसल्या पडताळता येईल असं काहीतरी द्या. '१०० टक्के शुद्ध' पडताळता येत नाही. ती ओळ आधी काढा.

१४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक आणि १५ अक्षरी जीएसटी क्रमांक (महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो) वेबसाइटच्या तळाशी टाका. चित्रात नको, कॉपी करता येईल असे. हे दोन्ही क्रमांक त्या-त्या सरकारी पोर्टलवर टाकले की नाव दिसतं. खरी गोम इथंच असते: वेबसाइटवर एक नाव, जीएसटीत दुसरं, आणि यूपीआय कोड स्कॅन केला की भलत्याच माणसाचं. गिऱ्हाईक तिथंच मागं फिरतं. फर्मच्या नावानं चालू खातं उघडून त्यावर व्यापारी यूपीआय घ्या. तोवर कोडच्या वर स्पष्ट लिहा, 'पैसे भरताना अमुक नाव दिसेल, तेच मालक'.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालं, म्हणून ते चिन्ह लगेच पाकिटावर छापू नका. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी हवी. कुरक्युमिनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) आकडाही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा अहवाल असेल तरच द्या. अहवालावरचा लॉट क्रमांक आणि पाकिटावरचा एकच पाहिजे. मागच्या हंगामाचा अहवाल या हंगामाच्या मालाला लावला की जाणकार ओळखतो. आणि 'कॅन्सर बरा होतो' छापाचा मजकूर कायद्यानंही चालत नाही, माणसालाही संशय येतो.

फोटो इंटरनेटवरून उचललेले नकोत. तुमचंच पाकीट, मागची बाजूसुद्धा, म्हणजे वजन, सर्व करांसह एमआरपी आणि पत्ता वाचता येईल. एक फोटो मोडलेल्या हळकुंडाचा, दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता. पिवळाजर्द केलेला फोटो उलट भेसळीची आठवण करून देतो. प्रत्येक फोटो २०० केबीच्या आत ठेवा, गावाकडच्या नेटवर पान उघडलं पाहिजे.

टपालखर्च शेवटच्या पानावर दाखवू नका, दराशेजारीच लिहा. माल कोणत्या वारी निघतो तेही. 'लवकरच पोहोचेल' यापेक्षा 'मंगळवारी आणि शुक्रवारी स्पीड पोस्टनं, ट्रॅकिंग क्रमांक त्याच संध्याकाळी' हे पटतं. पण जमेल तेवढंच लिहा. परतीचं धोरण चार ओळींत: पाकीट फुटलेलं आलं तर ४८ तासांत फोटो, ७ दिवसांत पैसे परत, उघडलेला माल परत घेत नाही. तक्रारीसाठी माणसाचं नाव, हुद्दा, फोन द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्यात तिचा निकाल द्यावा लागतो.

वेबसाइटचं कुलूप (एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण) तपासा. त्यामागचं फुकटचं प्रमाणपत्र बहुधा ९० दिवसांचं असतं. आपोआप नूतनीकरण बंद पडलं की ब्राउझर गिऱ्हाइकाला 'सुरक्षित नाही' असं सांगतो, तुम्हाला कोणी कळवत नाही.

हे सगळं झालं की दुसऱ्याच्या मोबाइलवरून, वायफाय बंद करून, २५० ग्रॅमची ऑर्डर स्वतः देऊन बघा. कुठं अडतं ते इथं लिहा.