वॉट राहू द्या, आधी मागची बाजू बघा

प्रश्न : दादा नमस्कार, मी सांगलीतून, विश्रामबागेतून लिहितोय. वडिलांच्या नाट्यसंगीताच्या एलपी आहेत, टर्नटेबल दुरुस्त करून घेतलंय, स्पीकर जुने पण झकास आहेत, मागे ८ ओहम आणि ८८ डीबी असं लिहिलंय. आता दोन चॅनेलचा (डावा-उजवा) रिसिव्हर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकत्र असलेला सेट घ्यायचाय, टीव्हीचा आवाजही त्यातूनच यावा आणि रेडिओही लागावा. दुकानदार नुसता वॉट वॉट करतोय. पुतण्या दिवाळीला अमेरिकेहून येतोय, तिकडून मागवू का?

उत्तर : काका, पुतण्याला येऊ द्या, रिसिव्हर नको. तिकडचा सेट बहुतेक १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, म्हणजे वर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आला, तो घरघरला की त्याचीही कटकट, आणि वॉरंटी इथं कोण देणार. शिवाय रेडिओचं एक लफडं आहे जे कुणी सांगत नाही. अमेरिकेत मिडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे ९ च्या. सांगली आकाशवाणीचा आकडा १२५१, तिकडचा डिजिटल ट्यूनर १२५० वर थांबणार नाहीतर थेट १२६० वर. काही सेटमध्ये हे बदलायची सोय असते, सगळ्यांत नाही. आणि हल्ली बऱ्याच नव्या रिसिव्हरमध्ये मिडियम वेव्हच नसतं, नुसतं एफएम, तेव्हा इथं घेतानासुद्धा तेवढं विचाराच.

वॉटचं म्हणाल तर ८८ डीबीचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल देतो, हे हॉलमध्ये गप्पा बंद पाडायला पुरेसं आहे. ५० चा १०० वॉट केला तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. चॅनेलला खरे ४०-५० वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, असले की तुमचं काम झालं. खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीतला फुगवलेला वॉट, दिसला तर तो आकडा वाचूच नका.

पैसे मागच्या सॉकेटांवर घालवा. पहिलं म्हणजे फोनो इनपुट, टर्नटेबल लावायचं सॉकेट. नेहमीच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, आणि रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल जास्त केलेला असतो, ते या इनपुटमागचं सर्किट, म्हणजे फोनो स्टेज, परत सरळ करतं. साध्या ऑक्सला, म्हणजे इतर साधनांच्या सॉकेटला, लावलं तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येणार. शेजारी ग्राउंडचा स्क्रू असतो, टर्नटेबलची ती बारकी वायर त्याला आवळा नाहीतर हमिंग येतं. मोनोचं (दोन्ही चॅनेल एकत्र करणारं) बटण मिळालं तर सोन्याहून पिवळं, जुन्या मोनो एलपीची खरखर बरीच कमी होते, पण हल्ली कंपन्या ते देतच नाहीत, का ते त्यांनाच माहीत!

टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडं आणणारं सॉकेट) असलेला घ्या, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमीजास्त होतो आणि काकूंना दुसरा रिमोट शोधावा लागत नाही. ऑप्टिकल केबलवरही चालतं पण तिथं ही सोय नाही. दोन्हीकडं टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा, कारण दोन चॅनेलचे बरेच रिसिव्हर डॉल्बीत दाबून भरलेला आवाज उलगडत नाहीत, मग आवाजच येत नाही आणि माणूस सेट खराब म्हणून परत दुकानात घेऊन जातो.

ब्लूटूथ असतंच, त्यासाठी जादा पैसे नकोत. वायफाय आणि अ‍ॅपवाल्या महागड्या मॉडेलच्या मी तरी नादी लागणार नाही, अ‍ॅपचे अपडेट बंद होतात आणि अ‍ॅम्प्लिफायर पुढं वीस वर्षं ठणठणीत राहतो. स्ट्रीमिंग पाहिजेच असेल तर वेगळा छोटा डबा लावा. बास-ट्रेबलची नॉब मात्र असू द्या, शुद्धतावादी लोक नाकं मुरडतात, मुरडू देत.

प्रश्न : रिसिव्हर काचेच्या शोकेसमध्ये ठेवला तर चालेल का? (साताऱ्याहून एक ताई)

उत्तर : ताई, दार बंद ठेवून नाही. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, वर निदान चार बोटं तरी मोकळी पाहिजेत, सेटवर क्रोशाचा रुमाल अजिबात नको. शोकेसची मागची फळी काढता येत असेल तर काढा आणि ऐकताना काच उघडी ठेवा.