आई ६२, मी ३६, मुलगी १४. तिघींचं व्हिटॅमिन डी कमी आलंय. तिघींना एकच डोस चालेल का? नवरा म्हणतो गोळ्या नकोत, सकाळचं कोवळं ऊन पुरे.

गोळी एकच चालेल, डोस एकच चालेलच असं नाही. पण तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यावर मला जास्त बोलायचंय, कारण हेच वाक्य माझ्या दादाने आमच्या आईला कित्येक महिने ऐकवलं.

आई तेव्हा साठी ओलांडलेली. आधी कंबर दुखायची, मग मांड्या भरून यायला लागल्या. जिना चढताना कठडा धरून अंग वर ओढायची. चालताना बदकासारखी डोलायची. दादाचं निदान तयार होतं: वय झालं. वहिनीचं त्याहून सोपं: बसून असतात, हालचाल नाही. उपाय काय, तर सकाळी सातला खिडकीशी खुर्ची टाकायची आणि आईने कोवळ्या उन्हात बसायचं. खिडकी बंद, कारण तिला वारा बाधतो. मी फोनवर म्हणायचे, अरे रक्त तरी तपासा, तर उत्तर यायचं, ‘तू नेटवर वाचून डॉक्टर झालीस.’ वर आईचा कॅल्शियमचा नॉर्मल रिपोर्ट पाठवून दिला, म्हणजे विषय संपला.

शेवटी मी रजा टाकली आणि तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला पाय लांब करायला सांगितले आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. फार जोरात नाही, पण आई कळवळली. छातीच्या मधल्या हाडावर दाबलं, तिथेही तेच. मग म्हणाले, हाताची घडी घाला आणि खुर्चीतून उठा. तिला उठताच येईना. दोनदा पुढे झुकली आणि परत बसली, माझ्याकडे बघून ओशाळं हसली. डॉक्टर म्हणाले, हे नुसतं वय नाही, हाडं मऊ पडल्यासारखी वाटताहेत. रिपोर्ट आला: डी ७, म्हणजे फारच कमी. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाडांच्या आजारात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं. हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं पॅराथायरॉइड हार्मोनही वाढलेलं. कॅल्शियम मात्र तेव्हाही नॉर्मलच. दादाने पाठवलेल्या रिपोर्टचं मला तिथे उत्तर मिळालं. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणतं. त्यामुळे हाडं पोखरली जात असताना कॅल्शियम खुशाल नॉर्मल दिसू शकतं.

आता कोवळ्या उन्हाचं. त्वचेत डी बनतं ते यूव्हीबी किरणांमुळे, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या. सूर्य खाली असतो तेव्हा हे किरण वातावरणातच बहुतेक गाळले जातात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर डीच्या हिशेबाने ते ऊन जवळजवळ फुकट. काचेतून तर यूव्हीबी येतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे आमची आई रोज सकाळी फक्त शेकून निघत होती. त्यात वयाचाही भाग आहे. त्वचेतल्या ज्या पदार्थापासून डी बनतं तोच सत्तरी-ऐंशीत तरुण मुलींच्या निम्म्याहून कमी उरतो. त्वचा सावळी असेल तर जास्त वेळ लागतो, अंग झाकलेलं असेल तर प्रश्नच मिटला, आणि वजन जास्त असेल तर बनलेलं डी चरबीत जाऊन बसतं.

दादा अजूनही मला पाठवत असतो की १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुलांचा मुडदूस, म्हणजे डी कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार, किरणांनी बरा केला. खरंय ते. पण त्याने क्वार्ट्झचा पाऱ्याचा दिवा वापरला होता, सकाळी सातचं ऊन नाही!

तुमच्या तिघींकडे येते. मुलगी १४ची आहे, म्हणजे हाडं भरण्याची हीच वर्षं. आयुष्यभराचा बहुतेक साठा विशीच्या आत जमतो, त्यामुळे तिचं ‘नंतर बघू’ करू नका. तुम्ही ३६च्या, पुढे बाळाचा विचार असेल तर आधीच भरून काढा. पोटातल्या बाळाला डी आईकडूनच जातं आणि अंगावरच्या दुधात ते अगदी थोडं असतं, म्हणून तान्ह्यांना रोज ४०० युनिटचे थेंब देतात. आईची पाळी गेलेली असणार. इस्ट्रोजेन हे हार्मोन गेलं की हाडं तशीही झिजतात, त्यात डी कमी म्हणजे दुहेरी मार. रोजची गरज सत्तरीपर्यंत ६०० युनिट, त्यापुढे ८०० धरतात. पण ही झाली टिकवण्याची मात्रा. कमी झालेलं भरून काढायला काही आठवडे मोठा डोस देतात, आणि तो आकडा बघून ठरतो. तुम्ही आकडे दिलेच नाहीत. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमच्या खाली डी असेल तर कमी म्हणतात, पण १८ आणि ६ यांत फार फरक आहे. गोळी जेवणाबरोबर घ्या, उपाशीपोटी नको.

आईला गुण यायला काही महिने गेले. आता हाताची घडी घालून उठते, जिना सावकाश पण न ओढता चढते. आणि गंमत म्हणजे दादा आता दुसऱ्या टोकाला गेलाय. वहिनीचे केस गळतात, डी घे. भाचीला थकवा येतो, डी घे. एकदाच मोठं इंजेक्शन घेऊन वर्षभराची सोय करू म्हणतो. त्यालाही हेच सांगते: २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले होते, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. आणि अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या व्हायटल अभ्यासात, जिथे बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, रोज २००० युनिट घेऊनही फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. ज्याला कमी आहे त्याला औषध, बाकीच्यांना नुसतं समाधान. केसांसाठी आणि थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघा. तुमच्या मुलीची पाळी जास्त जात असेल तर तिचं तर नक्कीच.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. ऊन वाईट असंही म्हणत नाही. सावली आखूड असताना हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर फिरलात तर चांगलंच, त्वचा भाजेपर्यंत नको. पण हाडं दुखण्याइतकी कमतरता असेल तर त्यावर भरवसा ठेवून बसू नका. आईला मूतखडा होऊन गेला असेल, किडनीचा त्रास असेल किंवा कॅल्शियम वरच्या बाजूला असेल तर मोठा डोस विचारल्याशिवाय देऊ नका. डी जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान असं सुरू होतं. कोणाला फिट्सचं फेनिटॉइन किंवा क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर तेही सांगा, त्या औषधांनी अंगातलं डी लवकर संपतं आणि डोस त्या हिशेबाने द्यावा लागतो.