किस्सातेन: यात आपला ‘किस्सा’ नाही

एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलगी जपानमधल्या नागोयाला नोकरीला, तिच्याकडे गेले असता ती त्यांना सकाळच्या नाश्त्याला एका जुन्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. अशा दुकानाला तिकडे ‘किस्साटेन’ म्हणतात हे कळल्यावर त्यांनी विचारलंय: ‘गप्पा मारायची जागा, म्हणजे हा आपलाच किस्सा का? आणि मराठीत याला काय म्हणावं: कॅफे, कॉफीगृह, की उपहारगृह?’

आधी किस्सा मिटवून टाकू. आपला ‘किस्सा’ अरबी, फारसीमार्गे मराठीत आला. जपानी ‘किस्सा’ चिनी अक्षरांचा. ‘कित्सु’ आणि ‘सा’ हे दोन उच्चार जोडताना ‘त्सु’ गळतो आणि पुढच्या ‘स’ला द्वित्त होतं, म्हणून ‘किस्सा’. तिसरं अक्षर ‘तेन’, म्हणजे दुकान. दोन्ही शब्दांत नातं काही नाही, निव्वळ योगायोग. जागा गप्पांची आहे हे मात्र खरं.

यातलं ‘सा’ म्हणजे चहा. हेच अक्षर एरवी ‘चा’ असं वाचतात, आणि तो ‘चा’ व आपला ‘चहा’ दोघांचंही माहेर चीन. तेव्हा तुम्ही नातं शोधत होतात अख्ख्या ‘किस्सा’त, ते निघालं नुसत्या ‘सा’त.

पहिलं अक्षर मात्र थांबून बघण्यासारखं आहे. ‘कित्सु’ म्हणजे तोंडाने आत घेणं. चहा पिणं ‘किस्सा’ आणि धूम्रपान ‘कित्सुएन’, दोन्हीकडे अक्षर तेच. मराठीत चहा पितात, विडी ओढतात, तंबाखू खातात. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. पण ‘घेणे’ आहे ना! चहा घ्या, दोन घास घ्या, औषध घेतलं का. आणि कुणाबद्दल आवाज खाली आणून ‘तो घेतो’ म्हटलं, की काय घेतो ते सांगावं लागत नाही. जपानी ‘कित्सु’ला मराठीत इतकं जवळचं दुसरं क्रियापद मला सापडलेलं नाही. जुन्या किस्सातेनात ‘कित्सु’चे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर चालत: डाव्या हाताला कप, उजव्या हाताला राखदाणी. एप्रिल २०२०पासून कायद्याने बंद जागेतलं धूम्रपान आवळलं. आधीपासूनच्या लहान दुकानांना पाटी लावून सवलत मिळते, पण अशा दुकानात २० वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. नातवंडांना घेऊन जाणार असाल तर दारावरची पाटी आधी वाचा.

मग कॉफीच्या दुकानाच्या नावात चहा कसा? ‘किस्सा’ हा शब्द कॉफीच्या कितीतरी आधीचा आहे. झेन भिक्षू एइसाई यांनी १२११ साली चहाचे आरोग्याला फायदे सांगणारा ‘किस्सा योजोकी’ हा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच तो आहे. पुढे कॉफी आली ती बसून काहीतरी पिण्याच्या तयार चौकटीत येऊन बसली. तोक्योत उएनो भागात १८८८ साली निघालेलं कॉफीचं दुकान जपानमधलं पहिलं मानतात, आणि त्याच्याही नावात चहाचं अक्षर होतं. दुकान चार-पाच वर्षांत बुडालं, पण नावं ठेवायची रीत राहिली. आजही जपानी तरुण ‘चहा करूया’ अशा अर्थाचं क्रियापद वापरतात आणि जाऊन कॉफी पितात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘चहापाणी’ करायला बसून आपणही कॉफी पितो, आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाआधी विरोधी पक्ष चहापानावर बहिष्कार घालतो तेव्हा त्यात कॉफीही आलीच.

खुद्द कॉफीला जपानीत ‘कोही’ म्हणतात, तेही डचांकडून घेतलेलं. पाटीवर ती दोन चिनी अक्षरांत लिहितात. एकाचा मूळ अर्थ स्त्रियांच्या केसांतला दागिना, दुसऱ्याचा मोत्यांची माळ. एदो काळातले डच विद्येचे अभ्यासक उदागावा योआन यांना या अक्षरजोडीचं श्रेय देतात. कॉफीशी अर्थाचा काडीचा संबंध नाही, नुसता आवाज जुळवलाय. पण आपल्याकडच्या कुठल्याही पाटीवर ‘कॉफी’ हा शब्द इतका नटलेला मी पाहिलेला नाही.

आता ‘कॅफे’. तुमच्या यादीतला हा पर्याय मी सगळ्यात आधी खोडेन, कारण जपानीत त्याचा पूर्वेतिहास वेगळा आहे. १९११ साली तोक्योच्या गिंझा भागात पाठोपाठ कॅफे निघाले, ते लेखक-चित्रकारांचे अड्डे झाले. पण पुढच्या वीसेक वर्षांत ‘काफे’ म्हणजे दारू, आणि शेजारी बसून ती ओतून देणाऱ्या वेट्रेस, असा अर्थ चिकटला. त्यातले नव्हे हे सांगण्यासाठी साध्या दुकानांनी पाटीवर ‘जुन-किस्सा’ लिहायला सुरुवात केली. ‘जुन’ म्हणजे शुद्ध. आपल्याकडच्या ‘शुद्ध शाकाहारी’सारखंच: काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही, हे सांगायला ‘शुद्ध’ लागतं. कायदाही बराच काळ हाच भेद पाळत होता. किस्सातेनचा परवाना वेगळा आणि उपाहारगृहाचा वेगळा; पहिल्यावर दारू विकता येत नसे, स्वयंपाकही करता येत नसे. जून २०२१पासून तो वेगळा परवानाच गेला. शब्द सरकारी कागदावरून उतरला, पाट्यांवर मात्र आहे. आज ‘काफे’ला कसलाही वास उरलेला नाही, उलट तो नव्या, उजळ, लॅपटॉपवाल्या जागांचा शब्द झालाय. तुमच्या मुलीने नेलेल्या मखमली खुर्च्यांच्या, पिवळ्या दिव्यांच्या दुकानाला कॅफे म्हटलं तर वाड्याला फ्लॅट म्हटल्यासारखं होईल.

लेखन. ‘किस्साटेन’ नको, ‘किस्सातेन’. जपानी ‘त’ दंत्य आहे. रोमन लिपीत त आणि ट एकच, म्हणून इंग्रजीवरून घेतलं की टोकियो, क्योटो होतं. आपल्याकडे दोन्ही अक्षरं असताना उसन्या गरिबीने का लिहायचं? ‘टोकियो’ आता रुळलाय, त्याच्याशी मी भांडत नाही (वर मात्र मुद्दाम तोक्यो लिहिलंय). नवा शब्द आत घेतानाच नीट घ्यावा एवढंच. लिंग माझ्या मते नपुंसक. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘तो किस्सातेन’ ऐकलंय, ते बहुधा ‘तो कॅफे’च्या वळणाने. पण ‘तेन’ म्हणजे दुकान, आणि दुकान ‘ते’. शिवाय विभक्तीला शब्द आढेवेढे घेत नाही: दुकानात तसं किस्सातेनात, दुकानं तशी किस्सातेनं. जपानी माणसं बोलताना नुसतं ‘किस्सा’ म्हणतात, ते मराठीत करू नका. ‘काल सकाळी किस्सात गेलो’ असं लिहिलंत तर वाचक वाक्याचा पुढचा भाग शोधत बसेल.

आता नाश्ता. या प्रश्नात तो नुसता ओघात आलाय, पण शब्दांची खरी मेजवानी तिथेच आहे.

भाषांतराच्या कामासाठी मी आयची प्रांतात काही आठवडे होतो. नागोया याच प्रांतात. राहत्या जागेच्या खाली असंच एक दुकान होतं: काउंटरमागे सत्तरी ओलांडलेल्या आजी, कॉफी करायच्या काचेच्या सायफनखालची ज्योत सांभाळणारा त्यांचा मुलगा, आणि कपबशा विसळणारी सून. पहिल्या दिवशी कॉफी सांगितली, तर आजींनी विचारलं, ‘मोनिंगु त्सुकेमास का?’ शब्दशः, ‘मॉर्निंग लावू का?’ माझं जपानी पुस्तकी. ‘त्सुकेरु’ म्हणजे जोडणं, लावणं, हे ठाऊक होतं. पण कॉफीला सकाळ कशी लावतात ते ठाऊक नव्हतं. मी घाबरून ‘हाय’ म्हणालो, म्हणजे हो. आलं ते असं: पेरभर जाडीचा पावाचा तुकडा, वरून शेकून तांबूस, मध्ये चिरा दिलेला, त्या चिरांत लोणी मुरत चाललेलं. उकडलेलं अंडं छोट्या वाटीत उभं, शेजारी मिठाची चिमुकली बाटली. वाटीभर कोबी. पावाबरोबर गोड आझुकीचा गोळा. आझुकी म्हणजे लाल चवळीसारखं बारीक कडधान्य. अमेरिकन सहकाऱ्याला पावावर गोड उसळ हा प्रकार झेपला नाही. पुरणपोळीवर वाढलेल्याला त्यात अडचण येत नाही, फक्त जायफळाची आठवण येते. बिल आलं नुसत्या कॉफीचं.

तर ‘मोनिंगु’ म्हणजे सकाळ नव्हे. सकाळी कॉफीबरोबर मिळणारा नाश्ता. पूर्ण नाव ‘मोनिंगु साबिसु’, आणि त्यातलं ‘साबिसु’ म्हणजे सेवा नव्हे, तर दुकानदाराने आपणहून फुकट दिलेलं. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि आपल्या अर्थाला जुंपायचा, यात जपानी लोक आपले सख्खे भाऊ. आपण ‘सर्व्हिस’ घेतली आणि तिची नोकरी केली (‘मुलगा सर्व्हिसला आहे’), त्यांनी तिचा टोस्ट केला. दुकानाच्या मालकाला तिकडे ‘मासुता’ म्हणतात. आपला ‘मास्तर’ शाळेत गेला किंवा शिलाई यंत्रावर बसला, त्यांचा कॉफी गाळत उभा राहिला. त्या ‘साबिसु’ला मराठीत एक नेमका शब्द आहे: ‘वर’. भाजीवाली मेथीच्या जुडीबरोबर चार मिरच्या ‘वर’ टाकते, ते. कॉफी विकत, टोस्ट वर.

ही प्रथा सुरू कुठे झाली यावर वाद आहे. हिरोशिमा आणि तोयोहाशी हक्क सांगतात, पण मला पटते ती नागोयाजवळच्या इचिनोमियाची कथा. हे कापडगिरणीचं गाव. १९५०च्या दशकात धंदा इतका तेजीत, की माग एकदा ‘गाचा’ वाजला की दहा हजार येन, म्हणजे एक ‘मान’, मिळतो म्हणत. त्या काळाचं नावच ‘गाचामान’. पण मागाच्या आवाजात व्यापाऱ्याशी बोलणार कसं? मालक मंडळी किस्सातेनात येऊन बसू लागली, दिवसातून अनेकदा. दुकानदारानेही रोजच्या गिऱ्हाइकाला सकाळच्या कॉफीवर शेंगदाणे आणि उकडलेलं अंडं देऊ केलं. इचलकरंजीत किंवा भिवंडीत जो राहिलाय त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. मागाशेजारी उभं राहून भाव ठरत नाही, त्यासाठी चहाची टपरी गाठावी लागते.

आजींच्या भिंतीवर आणखी एक गोष्ट होती: टाचण्यांनी लावलेली कुपनांची पुस्तकं, प्रत्येकावर हाताने लिहिलेलं गिऱ्हाइकाचं नाव. दहा कॉफीच्या पैशांत अकरा कुपनं. गिऱ्हाईक येतं, बसतं, काही बोलत नाही. कॉफी येते, आणि आजी भिंतीवरून एक कुपन फाडतात. आपल्या मेसच्या कार्डाचं हे चुलत भावंड, फक्त कार्ड आपण खिशात ठेवतो, त्यांनी दुकानातच ठेवलंय. दोन-तीन पुस्तकांवर धूळ होती. मी विचारलं नाही.

अशा पिढ्यान्पिढ्यांच्या दुकानाला ‘शिनिसे’ म्हणतात. लिहिताना अक्षरं ‘जुनं’ आणि ‘दुकान’ अशी, पण उच्चार आला आहे ‘अनुकरण करणं, घरचा धंदा तसाच पुढे चालवणं’ या क्रियापदावरून. मराठीत याला ‘पेढी’ छान बसली असती, पण ती सराफांनी आणि सावकारांनी अडवून ठेवली आहे. देशभरात १९८१ साली दीड लाखाच्या वर किस्सातेनं होती; २०१६पर्यंत ती ७० हजारांच्या आत आली. मुलगा आणि सून काउंटरमागे उभे असलेलं दुकान आता नशिबाने मिळतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ‘कॉफीगृह’ मला ‘प्रसूतिगृहा’सारखं ऐकू येतं. ‘इराणी’ भावनेने सगळ्यात जवळचा: कुटुंबाचा धंदा, लाकडी खुर्च्या, मस्का लावलेला पाव, एका कपावर तासभर बसायची मुभा. पण ते एका समाजाचं नाव आहे, ते दुसऱ्यांच्या दुकानावर लावता येत नाही. ‘उपहारगृह’ मुळात चुकीचं. खाण्याच्या जागेला ‘उपाहारगृह’, ‘उपहार’ म्हणजे भेट. आयचीत मात्र टोस्ट भेटच मिळतो, तेव्हा आपल्या निम्म्या पाट्यांवरचं चुकीचं स्पेलिंग जगात एका ठिकाणी तरी बरोबर ठरतं. मी स्वतः ‘किस्सातेन’च लिहीन, पहिल्यांदा येईल तिथे ‘जुन्या वळणाचं कॉफीचं दुकान’ असा खुलासा करून. बोलताना तुम्ही ‘हॉटेल’ म्हणालात तरी घरात सगळ्यांना कळेल.

जपानी माणसासमोर मात्र म्हणू नका. निघायच्या आदल्या दिवशी आजींनी विचारलं, तुमच्या गावी अशा दुकानाला काय म्हणतात? मी विचार न करता म्हणालो, ‘होतेरु’. जपानीत होतेरु म्हणजे फक्त मुक्कामाची जागा. आजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं, मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘एका कपासाठी किती रात्री राहावं लागतं?’