मुंबईहून गुहागरात कुत्री आणण्याआधी: बेडं, रक्त आणि गोचीड

प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ वाडीतलं घर, घरात सहा वर्षांचा मुलगा आणि एक मांजर. मुंबईतल्या एका संस्थेने रस्त्यावरून उचललेली दोन-अडीच वर्षांची गावठी कुत्री दत्तक घ्यायची आहे. गणपतीआधी आणावी का, आणि रात्री राखणीला बाहेर बांधली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. आपल्याकडे साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. तिन्हीसांजेनंतर ती घरात, किंवा चहूबाजूंनी पक्की जाळी असलेल्या पडवीत. वानर-केलडी हाकलायला आणि आंबा-काजूची राखण करायलाच कुत्रं हवं असेल तर तसं संस्थेला स्पष्ट सांगा. तसं असेल तर ही कुत्री त्या कामाची नाही.

गणपतीचं म्हणाल तर चतुर्थीला निदान पाच आठवडे असतील तरच आणा. नाहीतर दिवाळीचे फटाके संपेपर्यंत थांबा. चाकरमानी आले की बेडं, म्हणजे वाडीचं बांबूंचं फाटक, दिवसभर उघडं राहतं, अनोळखी पन्नास माणसं येतात-जातात, वर झांजा-ढोलकी आणि फटाके. नव्या कुत्र्याला आपलं घर कुठलं हेच अजून कळलेलं नसतं. त्यामुळे घाबरून सुटली तर ती घराकडे पळत नाही, आवाजापासून लांब पळते. शिमग्यात पालखी दारी येते तेव्हाही तेच. त्या दिवशी तिला आतल्या खोलीत ठेवून दार लावा.

आता कुंपण. कंबरभर गडगा (चिरे रचून केलेलं कुंपण) गावठी कुत्री धाव न घेताही ओलांडते, आणि पावसात गडग्याचे चिरे ढासळून भगदाडं पडतात ती वेगळीच. अख्ख्या वाडीला जाळी मारणं खर्चाचं आहे, म्हणून मागीलदारी दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा निवडा. सहा फूट उंच साखळी-जाळी लावा आणि जाळीच्या तळाशी आतल्या बाजूने जांभ्याचे चिरे आडवे पसरा, म्हणजे ती उकरून बाहेर जाणार नाही. बेड्याच्या बांबूंमधली फट मात्र आत्ताच बघा. तिचं डोकं जातं तिथून तीही जाते, तेव्हा खालच्या तीन फुटांना बारीक जाळी बांधा. पहिला महिना वाडीतही दोरीशिवाय सोडू नका. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला आणि दोरी दोन्हींना अडकवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान काढून घेतं, त्यात एकटा गळपट्टा कुचकामी ठरतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत, तीन नकोत. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पहिल्या दिवसापासून हवा, मुंबईतल्या संस्थेचा इथे काय उपयोग?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रक्ताकडे. लसींची वही सगळे मागतात, रक्ताचा अहवाल कोणी मागत नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीला गोचिडांनी चावलेलं असतं असंच धरून चाला. गोचीडतापाचा जंतू एर्लिकिया महिनोन्‌महिने अंगात गप्प बसू शकतो. कुत्री खाते, खेळते, तुकतुकीत दिसते. मग घर बदलतं, प्रवास होतो, प्रतिकारशक्ती खाली येते आणि दोन-तीन आठवड्यांत ती खाणं सोडते, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. लोक म्हणतात ‘हवा मानवली नाही’ किंवा ‘जुन्या जागेची आठवण काढते’, आणि त्यात आठवडा जातो.

म्हणून तपासण्या मुंबईतच करून मागा. तिथे प्रयोगशाळा हाताशी आहेत. गावातून नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत दिवस मोडतात. प्लेटलेटसह पूर्ण रक्तगणना, रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला थेंब), एर्लिकियाची चाचणी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, एवढं पुरे. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाखांत असतात. लाखाच्या खाली आकडा असेल तर उपचार सुरू झाल्याशिवाय प्रवास नको. स्मिअरमध्ये काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, जंतू त्यात सापडतीलच असं नसतं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे पूर्ण द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्री उड्या मारायला लागते आणि घरचे गोळ्या थांबवतात, तिथेच सगळं फिसकटतं. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, आणि कोरडीच गिळली तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते, म्हणून खाण्यासोबत द्या. बॅबेसिया हा गोचिडांतूनच येणारा दुसरा जंतू निघाला तर तो नुसत्या डॉक्सिसायक्लिनने जात नाही, त्याचे उपचार वेगळे.

गोचीड कुत्रीच्या अंगापेक्षा घरातच जास्त असतात. पोट भरलेली मादी अंगावरून उतरते, भिंत चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. गिलावा न केलेली जांभ्याची भिंत तिला फारच सोयीची. तेव्हा कुत्रीच्या झोपायच्या जागेभोवतीची भोकं सिमेंटने बुजवून घ्या.

इथे मांजराचा मुद्दा येतो, आणि तो जिवावरचा आहे. गोचिडांसाठी दुकानात मिळणारे, मानेवर टाकायचे काही थेंब पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचे असतात. कुत्र्याला ते चालतात, मांजर त्याने झटके येऊन मरू शकतं. कुत्रीच्या अंगाला घासून झोपलं तरी धोका असतो. तुमच्या घरात गोचिडांवरची, पोटात द्यायची गोळीच बरी: फ्लुरालेनर साधारण बारा आठवडे टिकतं, अफॉक्सोलेनर महिनाभर. कुत्रीला पूर्वी फिट आलेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हाताला लागलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, नखाने चिरडू नका.

लसींमध्ये रेबीज आणि सेव्हन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस) या नेहमीच्याच. पण सेव्हन-इन-वनमधल्या लेप्टोस्पायरोसिसच्या भागाला कोकणात वेगळं महत्त्व आहे, कारण उंदरांच्या मुतातून तो जंतू शेताच्या आणि गटाराच्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो. पहिल्यांदा घेताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी. वार्षिक डोस मे महिन्यात पडेल असं बसवा. पावसात उलट्या आणि ताप आला, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि तिची लघवी उघड्या हाताने पुसू नका.

प्रवास गाडीनेच करा. रेल्वेत पहिल्या वर्गाच्या एसीचा अख्खा कुपे मिळाला तर गोष्ट वेगळी, पण ब्रेकव्हॅनच्या (गार्डच्या डब्याच्या) पिंजऱ्यातून भेदरलेली कुत्री चिपळूणला उतरवणं टाळाच. निघण्याआधी पाच-सहा तास खाणं बंद, पाणी थोडं थोडं द्या. वाटेत थांबलात की आधी दोरी हातात, मग दार.

पहिले तीन दिवस एकच खोली आणि ठरलेल्या वेळा. संस्थेत खात होती तेच खाणं आठवडाभराचं मागून आणा आणि पुढच्या आठवड्यात हळूहळू बदला. पंधरा किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य सुमारे २४० ग्रॅम, दोन वेळांत. घरचं द्यायचं तर शिजलेला भात ३०० ग्रॅम, बिनहाडाची उकडलेली कोंबडी २५० ग्रॅम आणि थोडा दुधी. यात कॅल्शियम कमी पडतं, महिन्याहून जास्त चालवणार असाल तर डॉक्टरांकडून पूरक घ्या. आमटीतला भात नको, वाटपातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. सुकी मासळीही नको, मिठामुळे. आंब्याच्या दिवसांत बाठे वेचून टाका. गिळलेला बाठा आतड्यात अडकला की ऑपरेशनच करावं लागतं.

मांजराची भेट आठवडाभर बंद दारातूनच. दोघांना दाराच्या दोन बाजूंना जेवू घाला, मग कुत्री दोरीवर आणि मांजराला वर चढायला जागा. कुत्री ताठ होऊन टक लावून बघत राहिली, हाक मारूनही मान वळवेना, तर दार पुन्हा लावा. संस्थेने मांजरापुढे तिला कधी नेलं आहे का हे आजच विचारा, आणि जमलं नाही तर परत घेतील हे लेखी घ्या.

मुलाला दोन नियम पुरे: ती जेवताना किंवा झोपली असताना जवळ जायचं नाही, आणि मिठी मारायची नाही. दात लागला किंवा नखाने ओरखडलं तर लस झालेली असली तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढचे दहा दिवस कुत्रीवर लक्ष ठेवा.