दुरुस्त केलेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

प्रश्न : ताई, मी मूर्तिजापूर तालुक्यात रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. हाताखाली चाळीसेक माणसं, निम्म्या बाया. पुढच्या तीस वर्षांत विदर्भात उन्हाचा त्रास किती वाढणार याची बातमी वाचली. संगणकाच्या मॉडेलचे आकडे ‘दुरुस्त करून’ हा अंदाज काढलाय, असं त्यात होतं. आमच्याकडे हजेरीपटातला आकडा कोणी दुरुस्त केला तर त्याला घरी पाठवतात. मग यावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : दादा, शंका रास्त आहे. वीस वर्षं मी हवामान मॉडेलांचे आकडे दुरुस्त करण्याचंच काम करतेय, त्यामुळे तुम्हाला उत्तर देणं माझ्यावर बंधनकारकच आहे.

मॉडेल म्हणजे संगणकावर मांडलेलं हवामानाचं गणित. ते सगळ्या पृथ्वीची हवा चौकोनांत मांडतं. एका चौकोनाची बाजू बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास. तुमचं गाव, अकोला आणि वर मेळघाटचे डोंगर, सगळं एकाच चौकोनात येऊ शकतं. मग डोंगराचा गारवा अकोल्याच्या मे महिन्यात मिसळतो आणि मॉडेल ४४ च्या जागी ३९ अंश दाखवतं. म्हणून गेल्या तीसेक वर्षांच्या खऱ्या नोंदी शेजारी ठेवून ही खोड मोजावी लागते.

भुसार दुकानातला जुना ताणकाटा आठवा. पाच किलोला बरोबर दाखवतो, पन्नासला दोन किलो जास्त. सरसकट दोन किलो वजा केले तर पाच किलोवाल्याचं नुकसान. म्हणून प्रत्येक वजनाला वेगळी दुरुस्ती. आम्हीही थंड, मध्यम आणि अतितप्त दिवसांची खोड वेगवेगळी मोजतो आणि तीच दुरुस्ती पुढच्या काळाच्या आकड्यांना लावतो. काटा मात्र सत्तर किलोला कधी तपासलेलाच नसतो. उद्याचे सर्वात तापलेले दिवस म्हणजे ते सत्तर किलो. तिथे मॉडेलने दाखवलेली वाढ आपल्या दुरुस्तीमुळे फुगत किंवा आटत तर नाही ना, हे बघणं माझ्या मते सगळ्यात जबाबदारीचं काम.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. उन्हाचा त्रास नुसत्या तापमानावर ठरत नाही. घाम सुकतो की नाही यावर ठरतो. ओल्या मलमलीत गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो, तो वेट-बल्ब. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली तर तो २३ च्या आसपास येतो; कोकणात ३४ अंश आणि ७० टक्के असली तर २९! म्हणून तापमान आणि आर्द्रता, दोन्ही रकाने लागतात. मी दोन्ही वेगवेगळे दुरुस्त केले. मॉडेलचा एक दिवस होता ३९ अंश, ४५ टक्के. तापमान वर सरकवलं, ४४ झालं. आर्द्रताही वर सरकवली, ६० झाली. वेट-बल्ब निघाला ३६. माणसाच्या शरीराची सैद्धांतिक मर्यादा ३५ मानतात. तरुण, धडधाकट माणसांवर झालेल्या चाचण्यांत तर दमट हवेत शरीर ३१ च्या आसपासच हार मानू लागलं. आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. रात्री जुन्या नोंदी चाळल्या, अकोल्यात अशी जोडी कधी नोंदलेलीच नव्हती. हवेत वाफ तेवढीच ठेवून ३९ चे ४४ केले, तर आर्द्रता ४५ वरून ३५ कडे उतरायला हवी. मी ती चढवली होती! तो आकडा छापून गेला असता तर लोकांना खोटी भीती घातली असती. तेव्हापासून मी जोडी फोडत नाही. दोन्ही एकत्र दुरुस्त करते, नाहीतर आधी वेट-बल्ब काढून मग त्यालाच दुरुस्ती लावते.

दुपारचं कमाल तापमान आणि दिवसभराची सरासरी आर्द्रता एकत्र घेणं ही तशीच दुसरी चूक, आणि फार सर्रास होणारी. सकाळची ओल सरासरीत शिरते. दुपारच्या १५ टक्क्यांऐवजी ३० धरले की २३ चा वेट-बल्ब २८ होतो. पाच अंश!

आणि ज्या नोंदींशी आपण जुळवतो, त्याही माणसांनीच घेतलेल्या. सुरुवातीला मी वेधशाळेत निरीक्षक होते. पांढऱ्या झडपांच्या पेटीत सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला आकडे वाचायचे. मलमल मळली किंवा सुकली की वेट-बल्ब जास्त दाखवतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट वाटते. मळक्या चिंधीची ही चूक पुढे मॉडेलच्या दुरुस्तीतही उतरते.

तेव्हा बातमी वाचताना बघा : एकाच मॉडेलवर निष्कर्ष काढलाय की अनेक? तापमान आणि आर्द्रता एकाच वेळची आहे का? अंदाज एका आकड्यात दिलाय की ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा पट्ट्यात? नेमका एकच आकडा छापला असेल तर मी तरी सावध राहते.

तुमच्या माणसांना मात्र २०५० ची वाट बघायची नाही. पेटीतला तापमापक सावलीत असतो. डांबर ओतणारी बाई उन्हात. उन्हाचाही हिशोब धरणारा एक निर्देशांक आहे. त्यात वेट-बल्बचे ७० टक्के, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाचे २० आणि साध्या तापमानाचे १० टक्के धरतात. तुमच्याकडे काळा गोळा नसेल, पण दोन साधे तापमापक मिळतील. एकाला स्वच्छ मलमल गुंडाळा, उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवा, सावलीत टांगा, पाच मिनिटं पुठ्ठ्याने वारा घाला आणि आकडा स्थिरावला की वाचा. नवीन माणूस कामावर आला तर पहिला आठवडाभर त्याचं काम हळूहळू वाढवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला तेवढा वेळ लागतोच. घाम थांबला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर अंगावर पाणी ओतत दवाखान्यात न्या. घाम सुरू असला तरी बरळणं हा धोकाच समजा.

दुपारी बारा आणि तीन, दोन्ही वेळचे आकडे हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहीत चला. मे संपला की त्या पानांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. रस्त्यावर घेतलेली अशी नोंद माझ्याकडे एकही नाही.